पाकळी कलिंगडाची, काळजी बेदाण्यांची

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार. मी पंचवटीत राहते, वय ६८. मुलगा-सून पुण्याला असतात. दोघांनाही कामासाठी महिनाभर बाहेर जायचं होतं म्हणून त्यांची बीगल कुत्री, बुंदी, माझ्याकडे सोडून गेलेत. सहा वर्षांची आहे, वजन ११ किलो, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेलं आहे. खायला कधी नाही म्हणत नाही.

शुक्रवारी माझ्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. दरवर्षीप्रमाणे गौरीपुढे कलिंगडाचं कमळ कापून ठेवलं होतं. बायकांना पन्हं आणि कैरीची डाळ देण्याच्या गडबडीत मी आत गेले, तेवढ्यात बुंदीने कमळाच्या दोन पाकळ्या सालीसकट फस्त केल्या. खाली सांडलेली खिरापतही चाटूनपुसून नेली. मुलाला फोनवर सांगितलं तर तो चिडलाच. ‘आई, तिला तिच्या खाण्याशिवाय काहीही देऊ नकोस,’ म्हणाला. पण ऊन एवढं आहे, बिचारी दिवसभर जीभ काढून बसते. मला तिला काहीतरी गार द्यावंसं वाटतं. माझ्या माहेरी कलिंगडाची साल गाईला घालायचे, गाय किती आवडीने खायची! मग कुत्र्याला का नको? बिया पोटात गेल्या तर काय होतं? कलिंगड द्यावं की नाही, द्यावं तर किती आणि कसं? फळांना आमच्याकडे तोटा नाही. पिंपळगावला भाच्याचा द्राक्षमळा आहे, तिकडून पेट्या येतच असतात.

– बुंदीची आजी, पंचवटी

उत्तर:

काकू, नमस्कार.

तुमच्या पुतणीने टाइप करून पाठवलेलं हे पत्र मी रविवारी सकाळी वाचलं आणि लगेच त्याखालच्या नंबरवर फोन केला. तेव्हा तुम्ही जरा गोंधळलात. प्रश्न कलिंगडाचा होता आणि मी खिरापतीत काय काय घातलं होतं ते विचारत बसले. खोबरं, खडीसाखर, खारीक असं तुम्ही सांगत गेलात आणि शेवटी म्हणालात, ‘आणि भाच्याकडचे बेदाणे, चांगले दोन मुठी.’ माझा जीव तिथे अडकला होता. त्याच दुपारी तुम्ही बुंदीला रिक्षात घालून जवळच्या डॉक्टरांकडे नेलंत, रक्त तपासलं, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतात का ते सांगणारा आकडा) ०.९ आलं, म्हणजे ठीक. मंगळवारी पुन्हा तपासलं, तेव्हाही ठीक होतं. आता निवांतपणे लिहिते. पण कलिंगडाआधी बेदाण्यांचंच लिहिते, कारण नाशिकमधल्या प्रत्येक कुत्रेवाल्या घराला हे माहीत असायला हवं, आणि रोज दवाखान्यात बसून मी सांगते की बहुतेकांना ते माहीत नसतं.

द्राक्षं, बेदाणे, मनुका कुत्र्याला विषारी आहेत. बिनबियांची असोत की बियांची, हिरवी असोत की काळी, मळ्यातून ताजी आलेली असोत की गच्चीवर वाळवलेली. २००१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी द्राक्षं-बेदाणे खाऊन मूत्रपिंडं निकामी झालेल्या कुत्र्यांच्या केसेस पहिल्यांदा एकत्र मांडल्या, पण त्यामागचं कारण पुढची वीस वर्षं कोणाला नीट सापडलं नाही. २०२१ साली तिथल्याच प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की बेकिंगमध्ये वापरतात ती क्रीम ऑफ टार्टर खाल्लेल्या आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांची अवस्थाही अगदी तशीच होते. या तिन्हींत सामाईक काय, तर टार्टारिक आम्ल. आपलं शरीर ते सहज बाहेर टाकतं. कुत्र्याच्या मूत्रपिंडाला ते जमत नाही, आणि मूत्रपिंडाच्या पेशी मरायला लागतात. आज तरी हेच कारण सगळ्यात पटणारं आहे. म्हणजे द्राक्षांबरोबर चिंचेचा कोळ, चिंचगुळाची आमटी, भेळेची चटणी हे सगळं बुंदीपासून लांब.

तुमचा भाचा म्हणेल, ‘मावशी, आमच्या मळ्यातली कुत्री वर्षानुवर्षं द्राक्षं खातात, त्यांना काही होत नाही.’ निफाड-पिंपळगाव पट्ट्यातल्या किती तरी बागायतदारांनी मला हे सांगितलंय, आणि ते खोटं बोलत नाहीत. द्राक्षाची जात, ते किती पिकलंय, वेलीवर किती दिवस राहिलंय, यावर त्यातलं आम्ल कमीजास्त होतं. कुत्र्याकुत्र्यातही फरक असतो. एकाला मूठभर खाऊन काही होत नाही, दुसऱ्याला तेवढ्यानेच दोन दिवसांत लघवी बंद. कोणत्या कुत्र्याचं काय होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून सुरक्षित असं प्रमाणच सांगता येत नाही. बेदाण्यांत तर साधारण चार किलो द्राक्षांचा ऐवज एका किलोत आलेला असतो. किलोमागे तीन ग्रॅमपेक्षाही कमी बेदाण्यांनी मूत्रपिंडं बिघडल्याची नोंद आहे. बुंदीच्या वजनाला हिशेब केलात तर तीसेक ग्रॅम, म्हणजे तुमची एक मूठ. तुमच्या खिरापतीत दोन होत्या.

सहा-सात वर्षांपूर्वी माझ्याकडे एक लॅब्रेडॉर आला होता. घरच्यांनी डब्यात भरण्यासाठी बेदाणे वर्तमानपत्रावर पसरले होते, ते त्याने खाल्ले. त्या रात्री दोनदा उलटी झाली, मग बरा दिसला, म्हणून त्यांनी वाट पाहिली. माझ्याकडे आणलं तेव्हा चौथा दिवस होता. टेबलावर शांत पडून होता, तोंडाला एक विशिष्ट वास येत होता, आणि मला पाहून त्याने शेपटी दोनदा टेबलावर आपटली. तो वाचला नाही. त्या घरातल्या लोकांचं काही चुकलं असं मी त्यांना म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

त्यामुळे पुन्हा कधी बुंदीच्या तोंडात द्राक्ष किंवा बेदाणा गेलाच, तर काही दिसायची वाट पाहू नका. पहिल्या दोन तासांत डॉक्टरांकडे पोचलात तर ते उलटी करवून पोट रिकामं करू शकतात. त्यानंतर सलाईन लावून मूत्रपिंडं धुत राहावी लागतात, दोन-दोन, तीन-तीन दिवस. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न मात्र करू नका, त्याने रक्तातलं मीठ वाढून दुसरंच संकट उभं राहतं. किती वाजता, अंदाजे किती खाल्लं, आणि तिचं वजन किती, एवढं सांगता आलं की डॉक्टरांचं निम्मं काम होतं. त्यांचा नंबर फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरात चिकटवा, चष्म्याशिवाय वाचता येईल असा.

आता कलिंगड.

कलिंगड द्या. मनात कसलाही किंतु न ठेवता द्या. तुमचा मुलगा काळजीपोटी बोलला आणि त्याची काळजी खरी आहे, पण या फळापुरतं तुमचं मन बरोबर सांगत होतं. कलिंगडात शंभरातले ९०-९२ भाग पाणीच असतं. १०० ग्रॅम गरात जेमतेम ३० कॅलरी आणि सहा ग्रॅमच्या आसपास साखर. स्निग्धांश जवळजवळ नाही. कुत्र्यांना गोड चव कळते (मांजरांना कळत नाही), त्यामुळे बुंदीसारख्या खादाड जातीला याची गोडी लागणारच. जीवनसत्त्व क मिळतं म्हणून कलिंगड द्या असं कोणी सांगितलं तर ते मनावर घेऊ नका, कुत्र्याचं शरीर ते जीवनसत्त्व स्वतःच तयार करतं. आपण देतोय तो उन्हाळ्यातला एक हलका, रसाळ खाऊ. तेवढं कारण पुरेसं आहे.

सालीचा तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण तो बघून-बघून पडलेला प्रश्न आहे. गाय साल खाते आणि पचवते, यात काही शंका नाही. तिच्या पोटाचे चार कप्पे. त्यातला पहिला म्हणजे एखाद्या मोठ्या पिंपात सतत काही ना काही आंबत असावं तसा असतो. त्यातले सूक्ष्म जीव चोथा फोडतात, मग गाय तो परत तोंडात आणून तासन्‌तास रवंथ करते, दाढा आडव्या फिरवत बारीक करते. बुंदीकडे यातलं काहीच नाही. तिच्या दाढा कात्रीसारख्या वरखाली चालतात, आडव्या फिरत नाहीत. ती चावत नाही, तोडते आणि गिळते. तुम्ही तिला पोळीचा तुकडा टाकून बघा, दोन वेळा जबडा हलला की तुकडा आत. साल तशीच आत गेली की पचत नाही, आणि अकरा किलोच्या कुत्रीचं लहान आतडं साधारण आपल्या बोटाएवढं जाड. त्यात वाकडा, गुळगुळीत, कडक तुकडा अडकला तर पुढे सरकत नाही.

नाशिकरोडहून एकदा पाच किलोचं स्पिट्झ आणलं होतं. कचऱ्याच्या बादलीतल्या साली खाल्ल्या होत्या, हे घरच्यांना नंतर आठवलं. चौथ्या दिवशी पोट उघडावं लागलं. आतडं एका जागी फुगून जांभळं झालं होतं. तिथे चीर घेतली तर आतून पेरभर लांबीचा सालीचा तुकडा निघाला. हिरवी बाजू अजून तशीच चकचकीत, पांढऱ्या कडेवर दातांच्या दोन खुणा. चार दिवस पोटातल्या आम्लात आणि रसात राहूनही तिच्यावर काडीचा परिणाम झाला नव्हता. मी तो तुकडा स्टीलच्या वाटीत ठेवून घरच्या मुलाला दाखवला. ते स्पिट्झ वाचलं, नंतर बरीच वर्षं जगलं.

बुंदीने पाकळ्या खाऊन आता पाच दिवस होत आले. ती खातेय, रोज शी करतेय, उलटी नाही, म्हणजे त्या पाकळ्या बहुधा तुकड्यातुकड्यांनी निघून गेल्या असणार. तरी आठवडाभर नजर ठेवा. प्यायलेलं पाणीसुद्धा उलटून पडणं, जेवणाला तोंड न लावणं (बीगलने जेवण नाकारलं की ती बातमीच समजा), दिवसभर शी न होणं, पोटाला हात लावू न देणं, पुढचे पाय जमिनीवर टेकवून मागचा भाग उंच करून उभं राहणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. एक्स-रेमध्ये साल स्पष्ट दिसत नाही, सोनोग्राफी लागते, म्हणून डॉक्टरांना ‘हिने साल खाल्लीय’ हे स्वतःहून सांगा.

बियांचं तेवढं भय नको. त्या विषारी नाहीत. आपण कलिंगडाच्या सोललेल्या बिया मगज म्हणून मिठाईत घालतोच. चुकून पाच-दहा गेल्या तर अकरा किलोच्या कुत्रीला काही होणार नाही, दुसऱ्या दिवशी शीतून जशाच्या तशा बाहेर पडतील आणि तुम्हाला दिसतीलही. अडचण त्या ढिगाने गेल्या तर, किंवा कुत्रं अगदी चिमुकलं असेल तर. म्हणून काढून टाकायच्या. ‘सीडलेस’ म्हणून मिळतात त्यातल्या पांढऱ्या मऊ बियांचं मात्र काही करायला नको.

बिया काढायची एक सोपी रीत सांगते. कलिंगड देठापासून उभं न चिरता आडवं, मधोमध चिरा. आता चकतीकडे नीट बघा. मधोमध एक गाभा दिसतो, सगळ्यात लाल, सगळ्यात गोड, आणि त्यात बी जवळजवळ नसते. बिया त्या गाभ्याच्या कडेने कडं केल्यासारख्या बसलेल्या असतात. सुरीचं टोक त्या कड्याच्या आतून फिरवलं की गाभा अलगद सुटून हातात येतो. आपल्याकडे हा गाभा घरातल्या सगळ्यात लहान पोराला देण्याची रीत, या महिन्यात तो मान बुंदीचा समजा. त्याच्या आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या फोडी करा. प्रत्येक फोड बोटात धरून हलकी दाबली की चुकार बी लगेच जाणवते. लांब पातळ कापा मात्र करू नका, त्या ती न चावता ओढून घेते.

चिरण्याआधी अख्खं फळ नळाखाली चोळून धुवा. पेठ रोडच्या मार्केटमधून हातगाडीवर, हातगाडीवरून फुटपाथवर असा त्याचा प्रवास झालेला असतो, आणि सुरी सालीवरची माती-जंतू थेट गरात नेते. चिरलेलं कलिंगड बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. गौरीपुढचं कमळ संध्याकाळपासून रात्रीपर्यंत मांडलेलं असतं, ते तर आरतीनंतर नुसतं नमस्कार करून गाईलाच पाठवा, तुमची लहानपणची रीत तिथे अगदी योग्य आहे. रस्त्यावर बर्फाच्या लादीवर मांडलेल्या चिरलेल्या फोडी तिला नकोत, खरं तर तुम्हालाही नकोत. चिरल्यावर फेस दिसला, आंबूस वास आला किंवा जिभेला कडू लागलं तर अख्खं फळ टाकून द्या, एवढ्या पैशाचं म्हणून जीव अडकवू नका.

किती द्यायचं? नियम असा की दिवसभराच्या कॅलरींपैकी दहा टक्क्यांहून जास्त खाऊतून जाऊ नयेत. ऑपरेशन झालेल्या ११ किलोच्या कुत्रीला दिवसाला सहाशेच्या आसपास कॅलरी लागतात, म्हणजे खाऊचा वाटा साठ. नुसतं गणित केलं तर २०० ग्रॅम कलिंगड बसतं. पण मी तुम्हाला २०० ग्रॅम देऊ देणार नाही. एक तर तेवढ्या पाण्याने पोट सैल होतं. आणि दुसरं, फोनवर तुम्ही सहज म्हणालात की रात्री जेवताना तिला तूप लावलेली अर्धी पोळी ‘नुसती चवीला’ देता. काकू, त्या तुपाच्या अर्ध्या पोळीतच तिचे साठ संपतात. ती पोळी बंद करा, म्हणजे कलिंगडाला जागा होईल. बुंदी आधीच गुबगुबीत आहे, मुलगा परत येईल तेव्हा तिचा पट्टा एक भोक पुढे गेलेला नको.

पहिल्या दिवशी दोन फोडी द्या आणि थांबा. दुसऱ्या दिवशी शी नेहमीसारखी घट्ट असेल तर चार. असं करत आठ-दहा फोडींपर्यंत या, म्हणजे साधारण एक छोटी वाटी. त्यापुढे नको. शी पातळ झाली तर दोन दिवस खाडा. शीत कधी लालसर धागे दिसले तर घाबरण्याआधी काडीने बाजूला करून बघा, न पचलेला गर पाण्यात विरघळल्यासारखा फिका दिसतो. रक्त चिकट, बुळबुळीत असतं. ओळखता आलं नाही तर फोटो काढून डॉक्टरांना पाठवा, आम्हाला असे फोटो रोज येतात, संकोच नको. आणि संध्याकाळी सातनंतर देऊ नका, नाहीतर रात्री दोनला ती तुम्हाला उठवून वाड्याच्या दाराशी नेईल.

गार हवं म्हणालात, तर हे करा. बिया काढलेल्या फोडी काट्याने चेचा, त्यात चमचाभर घरचं ताजं, अजिबात आंबट नसलेलं दही घाला, आणि ते स्टीलच्या पसरट वाटीत ओतून फ्रीझरमध्ये ठेवा. दीड-दोन तासांत कडा गोठतात आणि मधला भाग अजून भुसभुशीत असतो, तेव्हा काढा. वाटी ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे शहाबादी फरशीवर घसरत जाणार नाही. ती दहा-पंधरा मिनिटं चाटत बसेल, आणि चाटत बसणं हाच त्यातला निम्मा आनंद. बर्फाच्या ट्रेमधल्या टणक वड्या देऊ नका, कडाकडा फोडताना दाढेचा टवका उडतो. कुल्फीच्या साच्यात लावून काडी घालण्याची कल्पना नातवंडांसाठी छान, तिच्यासाठी नाही, ती काडीसकट गिळेल. दह्याने पोट बिघडत असेल तर दही वगळा, नुसतं कलिंगडही तितकंच चालतं.

त्यात वरून काही नको. साखर नको, काळं मीठ नको, चाट मसाला नको, रूह अफजा नको. तुमच्या शेजारणीने ‘शुगर-फ्री घाल, मग वजन वाढणार नाही’ असं सुचवलं तर तिला हात जोडा. काही शुगर-फ्री पदार्थांत झायलिटॉल नावाचं गोडी आणणारं द्रव्य असतं, च्युइंगममध्ये, काही पीनट बटरमध्येही. माणसाला ते चालतं, कुत्र्याची रक्तातली साखर मात्र त्याने अर्ध्या तासात कोसळते, पुढे यकृतही जातं. घरातल्या डब्यांवरची घटकांची यादी एकदा वाचून काढा.

आणि वेगवेगळ्या फळांच्या मिश्र वाडग्यातून तिला काही उचलून देऊ नका. नाशिकच्या घरात एप्रिलमध्ये फळांचा वाडगा म्हणजे त्यात द्राक्षं असणारच. ‘मी फक्त कलिंगडाच्या फोडी वेचून देते’ म्हणाल, पण फोडीला चिकटलेलं एखादं द्राक्ष नजरेतून सुटतं. तिच्या फोडी पहिल्यांदा, वेगळ्या वाटीत काढायच्या, मग आपलं सॅलड.

आपल्या जिल्ह्याची दोन पिकं जगभर जातात, पिंपळगावची द्राक्षं आणि लासलगावचा कांदा. दुर्दैवाने दोन्ही कुत्र्याला वाईट. कांदा कच्चा असो, परतलेला असो वा फोडणीत असो, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि हे लगेच दिसत नाही, तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात. तुमची कैरीची डाळ कांद्याची नसते, पण उरलेले कांदेपोहे, भाजी, रस्सा भरवण्याची सवय असेल तर ती आजपासून बंद करा.

तुमच्यासारखं पत्र आणखी कोणी लिहायच्या बेतात असेल तर त्यांच्यासाठी इथेच थोडं. मधुमेह असलेल्या कुत्र्याला कलिंगड डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्याची साखर पटकन चढते. मूत्रपिंडाचा आजार असेल तरी आधी विचारा, त्यातल्या पोटॅशियममुळे. तीन महिन्यांखालच्या पिल्लाला नको. पगसारख्या छोट्या कुत्र्याला बुंदीच्या निम्म्या फोडी, आणि त्याही आणखी बारीक करून.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रातल्या एका वाक्यामुळे सांगायची राहिलीय. ‘दिवसभर जीभ काढून बसते.’ कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजाच्या गादीला काय तो थोडा येतो. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा घाम. त्यामुळे जीभ दिसली की तहान असा अर्थ लावून फोडींवर फोडी देऊ नका. पाण्याची वाटी दिवसातून तीनदा बदला, दुपारी तिला मधल्या खोलीत फरशीवर, पंख्याखाली ठेवा. फिरायला सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावर. गोदाकाठी नेत असाल तर घाटाच्या दगडावर आधी तुमच्या हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसवलं नाही तर तिच्या पंजांनाही सोसणार नाही.

आणि धापा थांबतच नसतील, जीभ गडद लाल किंवा जांभळट झाली, लाळ घट्ट दोरीसारखी लोंबायला लागली, चालताना झोकांड्या गेल्या, तर ती उष्माघाताची सुरुवात आहे. तिथे कलिंगड, पन्हं, काहीही तोंडात घालू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०४ च्या वर गेलं की प्रत्येक मिनिट मोजायचं. नळाचं साधं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओतत राहा, पंखा लावा, आणि त्याच ओल्या अंगाने तिला डॉक्टरांकडे न्या. 

तुमच्या मुलाला मी हेच पत्र पाठवते आहे, तुम्ही सांगितलंत तसं. तो रागावला ते बुंदीसाठीच, आणि तिला उन्हात काहीतरी गार द्यावं असं तुम्हाला वाटलं तेही तिच्यासाठीच. भाच्यालाही सांगा की पुढची पेटी आली की ती थेट ओट्यावरच्या फडताळात जाईल, दाराशी फरशीवर नाही. कचऱ्याच्या बादलीला पायाने उघडतं तसं झाकण घ्या, सालींचा वास बीगलच्या नाकाला वाड्याच्या दुसऱ्या टोकावरूनही लागतो. खिरापतीत पुढच्या वर्षी बेदाण्यांऐवजी मखाणे घाला, दिसायलाही छान दिसतात.

उद्या सकाळी दोन फोडी. परवा दुपारी बारापर्यंत मला फोन करून शी कशी झाली ते सांगा, मग चार द्यायच्या का ते ठरवू.